नव्या करारातले पुस्तक आत कसे आले, हे कसे तपासावे

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिल्या गेलेल्या भागात, २७ पुस्तके आहेत. ती कोणी निवडली असे विचारले की हमखास निकेयाच्या परिषदेचे नाव पुढे येते: इ.स. ३२५, सम्राट कॉन्स्टंटाइन, बिशपांचा मेळा, मतदान. तपास घसरतो तो इथेच, पहिल्या पावलाला. निकेयाच्या परिषदेने केलेले २० नियम आजही वाचता येतात. कोणते ग्रंथ मानावेत याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. सगळी पुस्तके वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, खरी वर आली आणि खोटी खाली राहिली, ही गोष्ट नवव्या शतकातल्या एका ग्रीक संकलनात येते, म्हणजे परिषदेनंतर तब्बल पाचशे वर्षांनी. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्तेरने तिची टर उडवली आणि तिथून ती सगळीकडे पोचली.

मग शोधायचे काय? कोणते पुस्तक, कोणत्या गावात, कोणत्या काळात उपासनेत मोठ्याने वाचले जात होते, ते. रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिनने इ.स. १५० च्या आसपास लिहून ठेवले आहे की रविवारी सगळे एका ठिकाणी जमतात आणि वेळ असेल तोवर प्रेषितांच्या (येशूच्या पहिल्या शिष्यांच्या) आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेखन वाचले जाते. पोथी हाताने नकलायची, ती महाग, वाचता येणारे थोडे. बहुतेकांना ग्रंथ माहीत होता तो कानांनी. ज्याचे वाचन टिकले ते शास्त्र, म्हणजे प्रमाण धर्मग्रंथ, होत गेले. याद्या मागाहून आल्या आणि बहुतांशी चालू वाचनावर शिक्कामोर्तब करत गेल्या. खालची सगळी रीत याच धाग्यावर चालते.

पुस्तक निवडा, पण वादातले

मत्तय, रोमकरांस किंवा करिंथकरांस पहिले पत्र घेऊन बसू नका. त्यांच्याबद्दल मुख्य प्रवाहातल्या मंडळ्यांत (मंडळी म्हणजे चर्च, ख्रिस्ती समुदाय) वादच नव्हता, त्यामुळे कागदावर नुसते ‘होय, होय’ भरत जाईल आणि हाती काही लागणार नाही. ज्या सात पुस्तकांवर घासाघीस झाली त्यांतले एक घ्या: इब्री लोकांस, याकोब, पेत्राचे दुसरे, योहानाचे दुसरे व तिसरे, यहूदा, प्रकटीकरण. किंवा जे थोडक्यात बाहेर राहिले त्यांतले घ्या: ‘हर्मासचा मेंढपाळ’, ‘बर्णबाचे पत्र’, ‘दिदाखे’, ‘पेत्राचे प्रकटीकरण’. पहिल्या खेपेला ‘हर्मासचा मेंढपाळ’ सर्वांत सोयीचा. त्याच्याबद्दल बोलणारे साक्षीदार भरपूर आहेत आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही.

तक्ता आखा

सहा रकाने पुरतात: वर्ष, गाव किंवा प्रांत, साक्षीदार, त्याने वापरलेला नेमका शब्द, वापर कुठे (उपासनेत, शिकवणीत की खासगीत), आणि तुमची खूण. गावाचा रकाना कधीही गाळू नका. अलेक्झांड्रियात मान्य असलेले पुस्तक त्याच वर्षी रोममध्ये संशयित असू शकते, आणि गाव लिहिले नाही की हा फरक ‘गोंधळ’ म्हणून वाया जातो.

खूण करताना ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे दोनच कप्पे ठेवले तर तपास फसतो. त्या काळचे लोक स्वतःच किमान तीन कप्पे वापरत. पहिला, शास्त्र म्हणून वाचायचे. दुसरा, चांगले आहे, शिकवायला वापरा, पण प्रेषितांच्या रांगेत बसवू नका. तिसरा, खोट्या नावाने चालणारे, दूर ठेवा. ज्यांना आज सरसकट ‘नाकारलेले ग्रंथ’ म्हणतात त्यांतले बरेच दुसऱ्या कप्प्यातले आहेत, आणि दुसरा कप्पा म्हणजे बंदी नव्हे.

मौनासाठी चौथी खूण ठेवा आणि ती जपून वापरा. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस याच्या लेखनात पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राचा उल्लेख नाही. ते पत्र २५ वचनांचे, एका पळालेल्या गुलामाबद्दलचे. पाखंडाविरुद्धच्या वादात त्यातले काय काढणार? हे मौन काहीच सांगत नाही. मात्र एखाद्याने पुस्तकांची यादीच दिली असेल आणि तीत नाव नसेल, तर ते मौन बोलके आहे. दोन्हींना एकच खूण करू नका.

साक्षीदार कोणत्या क्रमाने घ्यावेत

मार्सियनपासून सुरुवात करा. काळ्या समुद्रावरच्या सिनोपचा हा माणूस रोमला आला आणि इ.स. १४४ मध्ये तिथल्या मंडळीतून बाहेर पडला. आपल्याला माहीत असलेला ख्रिस्ती लेखनाचा पहिला बंदिस्त संच त्याचा: लूकशी जुळणारे एक शुभवर्तमान (येशूचे चरित्र) आणि पौलाची दहा पत्रे. जुना करार अजिबात नाही. त्याला पाहून इतरांना याद्या कराव्या लागल्या असे अनेकदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे धरावे, कारण पौलाच्या पत्रांचा संच त्याच्या आधीपासून फिरत असावा. मार्सियनमुळे प्रश्न तातडीचा झाला, एवढे म्हणणे सुरक्षित.

आयरेनियस, लियोंचा बिशप, इ.स. १८० च्या सुमारास. शुभवर्तमाने चारच, कमी नाहीत, जास्त नाहीत, असे तो ठणकावतो आणि आधाराला जगाच्या चार दिशा व चार वारे देतो. युक्तिवाद आज लंगडा वाटतो, पण साक्ष म्हणून फार मोलाची: चार हा आकडा त्याच्यासाठी आधीच ठरलेला आहे, कारण तो नंतर शोधतो आहे. त्याच सुमारास सिरियात मात्र तातियानने चारही शुभवर्तमाने एकत्र विणून केलेले ‘दियातेसरॉन’ वाचले जात होते. पाचव्या शतकात किर्रसचा बिशप थिओडोरेट याने आपल्या भागातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने ठेवली. म्हणजे इतक्या प्रती तोवर वापरात होत्या!

पुढे मुराटोरीचा तुकडा. मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात लुदोव्हिको मुराटोरी यांना सापडलेली ही ८५ ओळींची लॅटिन यादी त्यांनी १७४० मध्ये छापली. हस्तलिखित सातव्या-आठव्या शतकातले, लॅटिन गचाळ, सुरुवात फाटलेली. मजकूर वाक्याच्या मध्येच सुरू होतो आणि लगेच लूकला ‘तिसरे’ शुभवर्तमान म्हणतो. इथे वर्षाचा रकाना भरताना बहुतेकांची चूक होते. हस्तलिखिताचे वय आणि मजकुराचे वय वेगळे असते. मजकुरात म्हटले आहे की हर्मासने आपले पुस्तक अगदी अलीकडे, आमच्याच काळात, त्याचा भाऊ पियस रोमचा बिशप असताना लिहिले. पियसचा काळ इ.स. १५५ च्या आसपास संपतो. त्यावरून बरेच अभ्यासक ही यादी इ.स. १७० ते २०० मधली धरतात. काही जण ती चौथ्या शतकातली मानतात. तक्त्यात दोन्ही लिहा आणि निष्कर्षाचा सगळा भार या एका ओळीवर टाकू नका. पौलाच्या नावाने रचलेल्या लावदिकीयाकरांच्या पत्राबद्दल हीच यादी म्हणते की मधात पित्त मिसळू नये. लॅटिनमध्ये ‘फेल’ आणि ‘मेल’ असा शब्दांचा खेळ आहे. यादी करणाऱ्याला ती कोटी आवडली असणार.

युसेबियसच्या मंडळीच्या इतिहासाला सर्वांत जास्त वेळ द्या, आणि संशयही. तिसऱ्या भागाचे २५वे प्रकरण उघडा. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला तो पुस्तकांची वर्गवारी करतो: ‘होमोलोगूमेना’ म्हणजे सर्वमान्य, ‘अँटिलेगोमेना’ म्हणजे वादातली, तरी पुष्कळांना परिचित (याकोब, यहूदा, पेत्राचे दुसरे, योहानाचे दुसरे व तिसरे), ‘नोथा’ म्हणजे अस्सल नसलेली (पौलाची कृत्ये, हर्मास, पेत्राचे प्रकटीकरण, बर्णबा, दिदाखे), आणि शेवटी पेत्र, थोमा वगैरेंच्या नावाने पाखंड्यांनी चालवलेली. गंमत प्रकटीकरणाची आहे. युसेबियस ते पहिल्या गटात ‘योग्य वाटल्यास’ घालतो आणि तिसऱ्या गटातही ‘योग्य वाटल्यास’ घालतो. दुसऱ्या गटात मात्र नाही! हा विसराळूपणा नव्हे. ज्या मंडळ्यांनी ते मानले त्यांनी पूर्ण मानले, ज्यांनी झटकले त्यांनी पूर्ण झटकले, आणि युसेबियसला स्वतःला त्यातले हजार वर्षांच्या राज्याचे भाकीत रुचत नव्हते. त्याची आवडनिवड लक्षात ठेवून वाचा, कारण बिशप पापियास, बिशप सेरापियन किंवा अलेक्झांड्रियाचा विद्वान ऑरिजेन यांचे या विषयावरचे बरेच शब्द आपल्यापर्यंत त्याच्याच हातून पोचले आहेत. अशा ओळीपुढे ‘युसेबियसमार्फत’ असे लिहावे.

शेवटी अथनासियस. अलेक्झांड्रियाचा बिशप दरवर्षी ईस्टरची तारीख कळवायला इजिप्तभर पत्र पाठवी. इ.स. ३६७ च्या ३९व्या पत्रात आजची २७ च्या २७ पुस्तके, एकही कमी-जास्त नाही, अशी हाती असलेली पहिली यादी मिळते. क्रम वेगळा: कृत्यांनंतर याकोब ते यहूदा ही सात पत्रे, मग पौलाची चौदा, मग प्रकटीकरण. त्यानेही तीन कप्पे केले आहेत. दिदाखे आणि हर्मास त्याने दुसऱ्यात घातले, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना वाचून दाखवण्यासाठी. पत्र इजिप्तमधल्या मंडळ्यांना होते, साऱ्या जगाला नव्हे. ‘३६७ मध्ये नवा करार ठरला’ असे लिहिणे म्हणूनच चूक.

परिषदांना यानंतर हात घाला: लावदिकीया (इ.स. ३६३ च्या सुमारास), हिप्पो (३९३), कार्थेज (३९७ आणि ४१९); शेवटची दोन्ही गावे उत्तर आफ्रिकेतली. लावदिकीयाचा ५९वा नियम सांगतो की मंडळीत फक्त प्रमाण पुस्तके वाचावीत. ६०वा नियम प्रकटीकरण वगळून २६ पुस्तकांची यादी देतो, पण तो मूळचा आहे की मागून जोडला याबद्दल शंका आहे. दोन्ही नियम एकाच ओळीत नोंदवू नका. आणि या सगळ्या प्रांतिक परिषदा होत्या, हे गावाच्या रकान्यात दिसू द्या.

एक तक्ता भरून पाहू: हर्मासचा मेंढपाळ

दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेले हे पुस्तक दृष्टांत, आज्ञा आणि रूपके यांनी भरलेले, लांबलचक आहे. लियोंमध्ये आयरेनियस त्यातले वाक्य ‘ग्राफे’ असे म्हणून देतो. हा शब्द ‘लेखन’ आणि ‘शास्त्र’ दोन्ही अर्थांनी चालतो. त्यामुळे शब्दाच्या रकान्यात ‘ग्राफे’ असाच लिहा, लगेच ‘शास्त्र’ असे भाषांतर करून मोकळे होऊ नका. कार्थेजमध्ये लॅटिन ख्रिस्ती लेखक टर्टुलियन आधी त्याचा सौम्यपणे उल्लेख करतो. पुढे कडक पंथाकडे वळल्यावर, व्यभिचाऱ्यांनाही पश्चात्तापाची संधी देणाऱ्या त्याच पुस्तकावर तो तुटून पडतो आणि त्याला व्यभिचाऱ्यांचा मेंढपाळ म्हणतो. एकाच माणसाच्या दोन ओळी, वीसेक वर्षांत. मुराटोरीची यादी म्हणते की वाचावे जरूर, पण मंडळीत लोकांपुढे, संदेष्टे किंवा प्रेषित यांच्यासोबत नको. अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनला ते ईश्वरप्रेरित वाटते, पण सगळ्यांना तसे वाटत नाही हेही तो सांगतो. युसेबियस त्याला ‘नोथा’त टाकतो आणि दुसरीकडे हेही नोंदवतो की काही मंडळ्यांत ते जाहीरपणे वाचले जाते, नवशिक्यांना तर आवश्यकच मानले जाते. चौथ्या शतकातल्या सिनाई कोडेक्समध्ये (कोडेक्स म्हणजे वहीसारखी बांधलेली पोथी) नव्या करारानंतर बर्णबाचे पत्र येते आणि त्यानंतर हर्मास. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम सांगतो की ग्रीसमधल्या काही मंडळ्यांत ते वाचतात, लॅटिन लोकांना मात्र जवळजवळ ठाऊक नाही.

आता खुणांवरून नजर फिरवा. शिकवण वाईट म्हणून ते गेले असे दिसत नाही. टर्टुलियनचा राग सोडला तर तक्रार फारशी नाही. लोकप्रियता कमी म्हणूनही नाही: इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या सुरुवातीच्या शतकांतल्या पपायरसांमध्ये हर्मासच्या प्रती मार्कच्या शुभवर्तमानापेक्षा जास्त आहेत. अडले ते वयावर. लेखक प्रेषितांच्या पिढीतला नव्हता आणि हे रोममध्ये लोकांना माहीत होते.

कारण शोधताना

पाठ्यपुस्तके तीन-चार कसोट्या देतात: प्रेषितांशी नाते, विश्वासाच्या नियमाशी मेळ, सर्वत्र वापर, प्राचीनता. त्या खोट्या नाहीत, पण कुणी त्या कागदावर मांडून प्रत्येक पुस्तकाला गुण दिले नाहीत. मार्क आणि लूक प्रेषित नव्हते. पापियासने मार्कला पेत्राचा दुभाष्या म्हटले, लूकला पौलाचा सोबती मानले गेले, आणि नाते जुळले. उलट थेट पेत्राचे नाव लावलेले शुभवर्तमान बाहेर गेले.

ते कसे गेले, हे युसेबियसच्या सहाव्या भागाच्या १२व्या प्रकरणात बारकाईने पाहण्यासारखे आहे. इ.स. २०० च्या आसपास अंत्युखियाचा बिशप सेरापियन ऱ्होसस नावाच्या गावी गेला. तिथे ‘पेत्राचे शुभवर्तमान’ वाचण्यावरून कुरबुर होती. पुस्तक न उघडताच तो म्हणाला, एवढ्यावरूनच भांडण असेल तर वाचा. नंतर त्याला कळले की त्यामागे ख्रिस्ताला खरे शरीरच नव्हते असे मानणारे लोक आहेत. त्याने त्यांच्याच वर्तुळातून प्रत मिळवली, वाचली, आणि लिहिले की बराचसा भाग योग्य शिकवणीचा आहे, पण काही भर घातलेली आहे. भर कुठे आहे त्याची यादीही त्याने पत्रासोबत दिली. कसोट्यांचा क्रम बघा: आधी वापर दिसला, मग ते वापरणारे कोण ते दिसले, सरतेशेवटी मजकूर. आणि निकाल देताना त्याने आधार घेतला तो परंपरेचा: खोट्या नावांचे असे लेखन आमच्यापर्यंत पूर्वजांकडून आलेले नाही, हे आम्ही जाणतो. कारणाच्या रकान्यात ‘पाखंड’ असा एक शब्द टाकून पुढे गेलात तर यातले निम्मे हरवते.

खोट्या नावाने लिहिणे भक्तीपोटी चालत असे, त्या काळी कुणाला त्यात वावगे वाटत नसे, असेही विधान वारंवार दिसते. टर्टुलियनची साक्ष त्याच्या विरुद्ध आहे. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या एका वडिलाने (मंडळीतल्या पदाधिकाऱ्याने) पौलाच्या नावे कृत्ये रचली, पौलावरच्या प्रेमापोटी केले असे कबूल केले, आणि तरी त्याला पदावरून जावे लागले.

शैलीची तपासणीही होत होती. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने प्रकटीकरणाचे ग्रीक योहानाच्या शुभवर्तमानाशी ताडून पाहिले: शब्द वेगळे, वाक्यरचना वेगळी, आणि व्याकरणाच्या चुका प्रकटीकरणातच. लेखक दुसराच कुणी योहान, असे त्याने ठरवले. पण पुस्तक फेकून दिले नाही. ‘लेखक तो नव्हे’ आणि ‘पुस्तक नको’ या दोन खुणा वेगवेगळ्याच करा.

आकडे मोजा

इब्री लोकांस पत्राचा माग काढण्याची एक सोपी युक्ती आहे: पौलाची पत्रे किती असे जुना लेखक म्हणतो ते बघा. १४ म्हटले तर इब्री आत, १३ म्हटले तर बाहेर किंवा वेगळे. पूर्वेकडे ते लवकर पौलाच्या गटात बसले. ऑरिजेनने विचार पौलाचे पण लिखाण कुणाचे ते देवच जाणे असे म्हटले, तरी वापरणे सोडले नाही. रोममध्ये गायस नावाच्या लेखकाने १३ मोजली, टर्टुलियनने ते बर्णबाचे मानले. पश्चिमेच्या कुचंबणेला एक कारण सहाव्या अध्यायात आहे: पतन झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य, हे वचन कडक पंथांच्या हातातले हत्यार झाले होते. ३९७ च्या कार्थेजच्या यादीतले शब्द पाहा: पौलाची पत्रे तेरा, त्याचेच इब्री लोकांस एक. सरळ चौदा म्हणायला जीभ वळत नव्हती. ४१९ च्या यादीत ती वळली, चौदा झाली. जेरोमने ४१४ मधल्या एका पत्रात हिशेब चोख मांडला: लॅटिन लोक इब्री नाकारतात, ग्रीक लोक प्रकटीकरण नाकारतात, आम्ही जुन्या लेखकांना अनुसरून दोन्ही घेतो.

पोथ्यांना नको ते वदवू नका

हस्तलिखित हाती आले की ‘यात आहे म्हणजे मान्य, नाही म्हणजे अमान्य’ असा मोह होतो. व्हॅटिकन कोडेक्स इब्री ९:१४ पाशी तुटतो. पुढची मूळ पाने गेली. तीमथ्य, तीत, फिलेमोन, प्रकटीकरण तिथे होती की नव्हती, यावर काहीही बांधता येत नाही.

त्याहून शिकण्यासारखा पपायरस ४६, इ.स. २०० च्या आसपासचा पौलाच्या पत्रांचा कोडेक्स. बावन्न ताव एकावर एक ठेवून मधोमध एकदाच दुमडलेले, म्हणजे १०४ पाने, त्यांतली ८६ उरली आहेत. इब्री लोकांस पत्र रोमकरांसच्या लगेच नंतर आहे, यावरून त्याचा मान कळतो. एकाच घडीच्या वहीत पहिले पान आणि शेवटचे पान एकाच तावाचे असते. सुरुवातीची सात पाने गेली आहेत, म्हणून शेवटचीही सातच गेली असा हिशेब बसतो. उरलेला मजकूर थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात थांबतो. गेलेल्या सात पानांत दुसरे पत्र मावते, पण तीमथ्याची दोन आणि तीताचे मावत नाही. मग लेखनिकाला ती मान्य नव्हती? घाई करू नका. वहीच्या उत्तरार्धात तो एकेका पानावर आधीपेक्षा जास्त ओळी कोंबतो आहे. जागेचा अंदाज चुकल्याची ही खूण. शेवटी जादा ताव जोडायचा त्याचा बेत असेलही. तक्त्यात ‘अनिर्णित’ लिहा.

हद्दी आखा

भाषा बदलली की यादी बदलते. पेशित्ता या सिरियन भाषेतल्या बायबलात मुळात २२ पुस्तके. पेत्राचे दुसरे, योहानाचे दुसरे व तिसरे, यहूदा आणि प्रकटीकरण नाहीत. ही पाच सिरियनमध्ये सहाव्या शतकात, इ.स. ५०८ च्या भाषांतरात आली. अर्मेनियन परंपरेत करिंथकरांस तिसरे पत्र बराच काळ बायबलसोबत नकलले गेले. लॅटिन पोथ्यांमध्ये लावदिकीयाकरांचे पत्र शतकानुशतके टिकून राहिले, इ.स. ५४६ च्या फुल्दा कोडेक्समध्येही ते आहे. जेमतेम पानभर मजकूर, पौलाचीच वाक्ये उचलून जोडलेला, कुणाला दुखवणारे काही नाही. आणि कलस्सैकरांस ४:१६ मध्ये अशा पत्राचा उल्लेख असल्याने ती रिकामी खुंटी कुणीतरी भरणारच होते. इथियोपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीची पुस्तके ८१ मोजली जातात आणि त्यांत हनोखाचा ग्रंथ आहे. यहूदाचे पत्र त्यातलेच वचन देते. जेरोमच्या सांगण्यानुसार अनेकांनी यहूदाला नाकारले ते याच कारणाने.

जुन्या करारासाठी वेगळा कागद घ्या. तिथला वाद हिब्रू यादी आणि ग्रीक सप्ततीची (हिब्रू ग्रंथांच्या जुन्या ग्रीक भाषांतराची) जादा पुस्तके यांचा आहे. सार्दीसचा मेलितो दुसऱ्या शतकात नेमकी यादी मिळवायला पूर्वेकडे गेला आणि त्याच्या यादीत एस्तेर नाही. अथनासियसनेही एस्तेर दुसऱ्या कप्प्यात ठेवली. जेरोम हिब्रूकडे झुकला, हिप्पोचा बिशप ऑगस्टीन जादा पुस्तकांसह ४४ वर ठाम राहिला. प्रोटेस्टंट बायबलची ६६ आणि कॅथलिक बायबलची ७३ ही आजची तफावत या कागदावरची आहे, नव्या कराराची नाही. दोन्ही कागद मिसळले की ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेच्या १५४६ च्या ठरावाला नको त्या गोष्टीचे श्रेय किंवा दोष जातो.

नोंद कशी लिहावी

‘मंडळीने स्वीकारले’ हे वाक्य खोडा. कर्ता, गाव, साल आणि वापर या चार गोष्टी प्रत्येक वाक्यात आल्या पाहिजेत. हर्माससाठी: ‘इजिप्तमध्ये ३६७ पासून अधिकृतपणे शिकवणीपुरते, प्रमाण यादीबाहेर, ग्रीसमधल्या काही मंडळ्यांत जेरोमच्या काळापर्यंत जाहीर वाचन.’ इब्री लोकांससाठी: ‘पूर्वेत तिसऱ्या शतकापर्यंत पौलाच्या संचात, आफ्रिकेत ३९७ मध्ये वेगळे मोजून, ४१९ मध्ये एकत्र.’

प्रकटीकरणाची नोंद लिहिताना ‘यादी’ आणि ‘वाचन’ असे दोन उपरकाने पाडा. यरुशलेमचा सिरिल इ.स. ३५० च्या सुमारास ते यादीतून गाळतो, आणि मंडळीत जे वाचत नाहीत ते घरीही वाचू नका असे बजावतो. पुढे ग्रीक मंडळ्यांनी ते यादीत घेतले. वाचनाचा रकाना मात्र आजही कोराच भरावा लागतो: ग्रीक ऑर्थोडॉक्स उपासनेच्या नेमलेल्या वाचनांत प्रकटीकरण नाही.